एक पुंगळी किती वेळा वापरावी?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला की ग्रामीण भागातल्या दुकानांत .३०८ किंवा .३०-०६ ची काडतुसं सहज दिसतात. पण तुमच्या शेजाऱ्याकडे आजोबांची .२५७ रॉबर्ट्‌स रायफल असेल, तर तो बऱ्याचदा रिकाम्या हाताने परततो. नेड रॉबर्ट्‌स यांनी ७×५७ माउझर काडतुसाच्या पुंगळीचं तोंड अरुंद करून हे काडतूस घडवलं. रेमिंग्टन कंपनीने ते १९३४ मध्ये बाजारात आणलं. पुढे १९५५ साली .२४३ विंचेस्टर आलं आणि रॉबर्ट्‌स मागे पडलं. म्हणून अशा रायफलींचे मालक काडतुसं घरीच भरतात. याला हॅण्डलोडिंग म्हणतात.

काडतुसाचे चार भाग असतात: गोळी, दारू, ठिणगी देणारा प्रायमर आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. पहिले तीन एकदा वापरले की संपले. पुंगळी मात्र पुन्हा भरता येते, आणि दुर्मीळ काडतुसाच्या बाबतीत तीच सर्वांत मोलाची. मग ती किती वेळा वापरायची? याचं उत्तर धातुशास्त्रात आहे.

या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. बार उडताना आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून जास्त होतो. पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तप्त वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आक्रसते, म्हणून बाहेर काढता येते. नंतर साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणतात. दर वेळी असं फुगणं आणि दाबलं जाणं झालं, की पितळेच्या स्फटिकरचनेतल्या विकृती वाढत जातात. धातू कडक आणि ठिसूळ होतो. शेवटी पुंगळीची मान चिरते.

पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडं ठोकताना ते मधूनमधून तापवतात, ते याचसाठी. उष्णतेने नवे, ताणरहित स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. याला ॲनीलिंग म्हणतात. हॅण्डलोडर पुंगळीची फक्त मान आणि खांदा काही सेकंद तापवतात. बूड तापू द्यायचं नाही, कारण तिथला कडकपणाच नेमबाजाचं रक्षण करतो. मऊ बुडाची पुंगळी सरळ कचऱ्यात टाकावी लागते.

या शास्त्राचा एक धागा भारतात आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असत आणि न वापरताच तडकत. मोसमावरून या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडलं. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळेत राहिलेला ताण. ताण आणि अमोनिया एकत्र आले की भेग पसरत जाते. पुंगळ्या तापवून ताण घालवला, की हा त्रास थांबतो. लष्करी काडतुसांच्या मानेवर तापवल्याचा निळसर-तपकिरी पट्टा आजही दिसतो. म्हणून पुंगळ्या चकचकीत करायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नये.

मानेची चीर डोळ्यांना दिसते. खरा धोका बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूला असतो. साच्यात पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला, तर पुढच्या बाराला ती लांबीत ताणली जाते आणि तिथली भिंत पातळ होते. असं पुन्हा पुन्हा झालं की एक दिवस बूड सुटून येतं आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर बाहेर पडतो. हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक जरासं वाकवायचं आणि पुंगळीच्या आतून बुडाकडून वर ओढायचं. टोक एखाद्या खाचेत अडकलं, तर ती पुंगळी बाद.

शेजाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, अमुक इतक्या वेळा चालते. तसा ठरलेला आकडा नाही. दारूचं माप छापील पुस्तिकेतलंच घ्यावं, पण पुंगळीचा निकाल दर वेळी नव्याने तपासूनच लावावा. नवी मिळणं कठीण आहे म्हणून संशयास्पद पुंगळी ठेवून देण्याचा मोह होतो. तो टाळा.