सहीचा नमुना

गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी महिनाभर आमच्याकडे राहायला होती. प्राणिशास्त्रात ती पीएच.डी. करते आहे. पहिल्याच रविवारी सकाळी ती नदीवरून नुकत्याच आलेल्या छोट्या खवल्याच्या माशांची पिशवी घेऊन घरात शिरली. आमच्या सौ.ने लगबगीने वाटणाची तयारी केली. पण पुतणीने मासे ओट्यावर मांडले, कात्रीने त्यांचे कल्ले तेवढे कापून घेतले, ते बशीभर पाण्यात सोडले आणि बशी घेऊन ती खोलीत निघून गेली. "काकू, बाकीचा मासा तुमचा," असं जाता जाता सांगायला मात्र विसरली नाही.

थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर समोर कंगव्याच्या दातांसारख्या लाल पाकळ्या. त्यातल्या एका पाकळीला पांढुरका दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. तो एकदम लांब झाला, आखडला, पुन्हा लांब झाला. पुढच्या टोकाला डोळ्यांचे चार काळे ठिपके आणि मागच्या टोकाला आकड्यांची चकती. तिने कल्ल्यात घट्ट रुतून बसायचं आणि आयुष्य काढायचं. हा चपटकृमी डॅक्टिलोगायरस या प्रजातीतला. या एका प्रजातीत नऊशेच्या वर जाती नोंदवल्या गेल्या आहेत, आणि बहुतेक जातींचा मासा ठरलेला असतो. दुसऱ्या माशाच्या घरी त्या सहसा जात नाहीत.

"काका, हा बहुधा अजून कोणी नोंदवलेला नाही," ती हळूच म्हणाली.

नव्या जातीची नोंद म्हणजे काय प्रकार असतो, ते मी पुढचे तीन आठवडे पाहिलं. अर्ध्या मिलिमीटरचाही नसलेला तो जीव सुईने सोडवायचा, काचेखाली चपटा करायचा, काहींना रंग द्यायचा, काहींचे आकडे स्वच्छ दिसावेत म्हणून त्यांना ग्लिसरीनच्या मिश्रणात ठेवायचं. मग मोजणी. मधले मोठे आकडे दोन, कडेचे बारीक चौदा. प्रत्येकाची लांबी, टोकाचा बाक, मुळाची जाडी, सगळं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. नराच्या इंद्रियाचा कठीण भाग तर वेगळाच काढायचा, कारण जात ओळखायला आकड्यांच्या बरोबरीने तोच उपयोगी पडतो. एका कृमीवर भागत नाही, वीस-पंचवीस मोजावे लागतात. आता जोडीला डीएनएही वाचतात. पण चित्र आणि मापं यांच्यावाचून काम अडतंच.

मला गंमत वाटली. आम्ही बँकेत वर्षअखेरीला जे करायचो त्याहून हे फारसं वेगळं नव्हतं. न कंटाळता मोजायचं आणि दुसऱ्याला ताळा करता येईल असं लिहून ठेवायचं.

चौथ्या आठवड्यात घोटाळा झाला. याच माशावरच्या एका कृमीचं वर्णन फार वर्षांपूर्वी छापून आलेलं तिला सापडलं. मजकूर पानभर, चित्र ढोबळ, आकड्यांची मापं दोन-तीनच. आपला कृमी तोच की वेगळा, हे त्यावरून ठरेना. अशा वेळी मूळ नमुना पाहायचा असतो, ज्या एका कृमीवरून ते नाव दिलं गेलं त्याची काचपट्टी. लेखात लिहिलं होतं, नमुना लेखकाच्या संग्रहात आहे. लेखक हयात नाहीत आणि संग्रह कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही.

त्या रात्री ती जेवली नाही. "काका, जुनं नाव आहे, पण ते कोणाचं ते सांगता येत नाही. मग माझा नवा आहे हे तरी मी कसं म्हणू?"

तिची अडचण मला बरोबर कळली. १९८९ साली मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. एक आजी पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची ठेवपावती घेऊन आल्या. शाखेत त्यांना ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. मी जुन्या कपाटातून सह्यांच्या नमुन्यांची कार्डं काढली. त्यांचं कार्ड तिथे होतं, क्रमाने लावलेलं, खाली सही करवून घेणाऱ्या कारकुनाची तारखेसह सही. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. पण त्याने ते कार्ड नीट लावलं नसतं, तर आजींना मी कोणत्या तोंडाने पैसे दिले असते?

प्राण्यांच्या नावांसाठीही आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे. सन २००० पासून नव्या जातीसाठी मूळ नमुना ठरवणं आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवणार ते सांगणं बंधनकारक झालं. त्याआधी ती नुसती शिफारस होती. शिफारशीचं काय होतं, हे बँकेत काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

पण एवढ्याशा किड्यासाठी एवढा जीव का टाकायचा, असं मी विचारलंच. उत्तरादाखल तिने नॉर्वेची हकीकत सांगितली.

गोरान माल्मबेर्ग या स्वीडिश अभ्यासकाने १९५७ साली सामन माशावरच्या एका कृमीचं वर्णन केलं आणि त्याला गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस असं नाव दिलं. हा आपल्या कृमीचा लांबचा नातेवाईक. तो अंडी घालत नाही, पिल्लालाच जन्म देतो, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच वाढत असतं. बाल्टिक समुद्राकडच्या सामनांना त्याची सवय झालेली, त्यामुळे त्याने कोणाचं फारसं बिघडत नव्हतं. पुढे स्वीडनहून आणलेल्या जिवंत माशांबरोबर तो नॉर्वेत पोहोचला आणि १९७५ साली तिथे आढळला. तिथल्या सामनांना त्याचा प्रतिकार करता येत नव्हता. नद्यांमधली पिल्लं पटापट मेली. हळूहळू पन्नासेक नद्यांना लागण झाली.

उपाय भयंकर होता. नदीत रोटेनोन हे वनस्पतिजन्य विष सोडून सगळे मासेच मारायचे. मासा नाही म्हटल्यावर कृमीही संपतो. मग जपून ठेवलेल्या मूळ वाणाच्या सामनांची पिल्लं नदीत सोडायची. बहुतेक नद्या अशा मोकळ्या झाल्या. पण ग्रेलिंग नावाच्या दुसऱ्या एका माशावर जवळजवळ तसाच कृमी असतो, आणि तो सामनाला मारत नाही. दोघांच्या आकड्यांत फरक थोड्या मायक्रॉनचा. त्या दोन जाती की एकच, यावर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले. एका बाजूला सगळी नदी आणि दुसऱ्या बाजूला त्या आकड्याचा बाक!

माल्मबेर्गने वर्णन लिहिलं तेव्हा त्याचा कोणाला उपयोग होता? अठरा वर्षांनी तो कृमी शेजारच्या देशात निघाला, तेव्हा ताडून पाहायला १९५७ ची नोंद होती. आपल्याकडेही माशांची बीजं आणि शोभेचे मासे गावोगाव, देशोदेशी फिरतात. त्यांच्या कल्ल्यांतून कोण कुठे जातं, याचा हिशेब ठेवायचा तर आधी खातेदारांची नावं नक्की हवीत.

पुतणीने घाई केली नाही, याचा मला अभिमान वाटतो. नवं नाव छापून ती मोकळी झाली असती, तर पुढच्या माणसाला दोन गोंधळ निस्तरावे लागले असते. नियमात वाट आहे. जुना नमुना हरवलाच असेल, तर शक्य तो मूळ ठिकाणाहून, त्याच जातीच्या माशावरचा कृमी मिळवून, योग्य कारण देऊन त्याला त्या जागी बसवता येतं. आधी ते करायचं, मग आपला वेगळा ठरतो का ते पाहायचं. वेगळा ठरला नाही, तर नवं नाव नाही आणि प्रबंधातलं एक प्रकरण कमी. तिला ते ठाऊक आहे.

त्या जुन्या लेखात गावाचं नाव तेवढं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तिथे जाणार आहोत. मासे धरणाऱ्यांशी मी बोलायचं, कल्ले तिने तपासायचे असं ठरलं आहे. जे मिळेल त्याच्या काचपट्ट्या कोलकात्याला, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहात जायच्या आहेत. चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण मी माझ्या अक्षरात लिहीन, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.