माध्यमनिर्मित शरीरप्रतिमा आणि कला-विद्यार्थिनीचा चित्रप्रकल्प : जेनी सॅव्हिल यांच्या विद्यार्थीदशेतील चित्रांच्या आधारे एक विवेचन

गोषवारा : माध्यमांतून सतत समोर येणाऱ्या आदर्श देहप्रतिमांचा तरुणांच्या स्वतःच्या शरीराविषयीच्या जाणिवेवर परिणाम होतो. हा परिणाम कसा घडतो आणि कलाशिक्षणातील चित्रप्रकल्प त्याच्या आकलनास कितपत उपयोगी पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात ब्रिटिश चित्रकार जेनी सॅव्हिल यांच्या १९९२-९३ मधील तीन चित्रांच्या आधारे केला आहे.

बीजसंज्ञा : शरीरप्रतिमा, सामाजिक तुलना, स्व-वस्तूकरण, बोधनिक विसंवाद, कलाशिक्षण.

प्रास्ताविक

शरीरप्रतिमा म्हणजे आरशात दिसणारे रूप नव्हे. स्वतःच्या शरीराविषयी व्यक्तीच्या मनात असलेले चित्र, त्यासंबंधीच्या भावना आणि त्यांतून घडणारे वर्तन या तिन्हींचा समावेश या संज्ञेत होतो. त्यामुळे निरोगी, सुदृढ शरीर असूनही शरीरप्रतिमा मलिन असू शकते. अलीकडे कला महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी प्रकल्पासाठी हा विषय निवडतात. अशा वेळी मार्गदर्शक प्राध्यापकाने चित्राच्या तंत्राबरोबरच विषयामागील मानसिक प्रक्रियाही समजून घेणे अगत्याचे ठरते.

माध्यमांचा परिणाम : काही पुरावे

लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. वस्तुनिष्ठ मापदंड उपलब्ध नसेल तेव्हा मनुष्य स्वतःचे मूल्यमापन इतरांशी तुलना करून करतो, असे त्याचे सार आहे. पूर्वी ही तुलना नातलग, शेजारी आणि मैत्रिणी यांच्यापुरती मर्यादित होती. माध्यमांनी तिचे क्षेत्र अमर्याद वाढविले आणि तुलनेसाठी निवडक, सजविलेले, संगणकावर दुरुस्त केलेले देह पुढे ठेवले.

या संदर्भात ॲन बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिजी बेटांवर केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. तेथील नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. त्या समाजात भरदार शरीर हे चांगल्या संगोपनाचे लक्षण मानले जात असे. दूरचित्रवाणी आली त्या सुमारास शाळकरी मुलींपैकी १२.७ टक्के मुलींमध्ये खाण्याविषयीची विकृत वृत्ती दर्शविणारे गुणांक आढळले. १९९८ मध्ये दुसऱ्या गटात हे प्रमाण २९.२ टक्के झाले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली पहिल्या गटात एकही नव्हत्या. दुसऱ्या गटात त्या ११.३ टक्के होत्या. गट लहान होते आणि समाजात इतर बदलही घडत होते, ही मर्यादा लक्षात घेऊनही हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

त्याच वर्षी ग्रोश, लेव्हिन व मर्नेन यांनी २५ प्रायोगिक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. कृश देहांची माध्यमचित्रे पाहिल्यानंतर स्त्रियांचे स्वतःच्या शरीराविषयीचे मत अधिक प्रतिकूल होते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

स्व-वस्तूकरणाची संकल्पना

बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या वस्तूकरणाच्या सिद्धान्ताने या चर्चेला वेगळी दिशा दिली. सतत पाहिली जाणारी स्त्री हळूहळू पाहणाऱ्याची नजर स्वतःच्या आत वागवू लागते आणि स्वतःवरच पहारा ठेवते. या पहाऱ्यात तिचे अवधान खर्ची पडते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात पोहण्याचा पोशाख घालून गणिते सोडविणाऱ्या विद्यार्थिनींची कामगिरी स्वेटर घातलेल्या विद्यार्थिनींपेक्षा खालावली. पुरुषांच्या बाबतीत असा फरक आढळला नाही. अध्यापकाच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष विचारणीय आहे. शरीराविषयीची चिंता वर्गाच्या दाराबाहेर राहत नाही, ती अध्ययनाच्या शक्तीतच वाटा मागते.

जेनी सॅव्हिल : विद्यार्थीदशेतील चित्रे

जेनी सॅव्हिल (जन्म १९७०) यांनी १९८८ ते १९९२ या काळात ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. दरम्यान शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात काही महिने राहिल्या. तेथे त्यांनी स्त्रीवादी विचारांचा परिचय करून घेतला आणि स्थूल देहांचे निरीक्षण केले. परतल्यावर त्यांनी स्वतःच्याच शरीराचा आधार घेऊन भव्य चित्रे रंगविली. त्यांपैकी तीन चित्रे आपल्या विषयाच्या तीन अंगांवर प्रकाश टाकतात.

१) *प्रॉप्ड* (१९९२) : पदवी प्रदर्शनातील हे चित्र सात फूट उंच आहे. उंच आसनावर बसलेली विवस्त्र स्त्री आपल्याच मांड्यांत बोटे रुतवीत आहे. चित्रावर फ्रेंच विचारवंत ल्यूस इरिगारे यांचा मजकूर उलट्या अक्षरांत कोरला आहे. तो आरशातच सुलट वाचता येतो. त्यामुळे पाहणारा, पाहिली जाणारी आणि आरसा यांचे नाते प्रेक्षकाला तपासावे लागते. स्व-वस्तूकरणाचा सिद्धान्त त्यानंतर पाच वर्षांनी मांडला गेला, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.

२) *ब्रँडेड* (१९९२) : या चित्रात नाजूक, शोभिवंत, चिमुकली अशा अर्थाचे इंग्रजी शब्द स्थूल स्त्रीच्या त्वचेवर कोरले आहेत. समाजाने स्त्रीत्वाला जोडलेली विशेषणे आणि प्रत्यक्ष देह यांतील विसंगती त्यातून उघड होते. बाहेरचा शब्द शरीरावर डाग दिल्याप्रमाणे उमटतो. आदर्शाचे आत्मसातीकरण याहून स्पष्ट रूपात क्वचितच चित्रित झाले असेल.

३) *प्लॅन* (१९९३) : पदवीनंतरच्या वर्षी काढलेल्या या चित्रात देहावर नकाशातील समोच्च रेषांसारख्या रेषा आखल्या आहेत. चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी शरीरावर केल्या जाणाऱ्या खुणांचा तो संदर्भ आहे. शरीर जणू सुधारणेसाठी मोजणी केलेली जमीन झाले आहे.

या चित्रांचे सामर्थ्य उपदेशात नाही. जाहिरातीतील गुळगुळीत त्वचेऐवजी येथे रंगाच्या जाड थरांतून मांसाचे वजन जाणवते. अर्थात टीका करणारे चित्रही बाजारपेठेबाहेर राहत नाही. २०१८ मध्ये *प्रॉप्ड* लंडनच्या लिलावात ९५ लाख पौंडांना विकले गेले.

चित्रप्रकल्पाचे शैक्षणिक मूल्य

प्रतिमेतील फसवणूक दाखवून दिली की तिचा परिणाम ओसरतो, असा समज सार्वत्रिक आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलची देहाकृती बदलली असल्यास तसा उल्लेख बंधनकारक झाला. तथापि अशा सूचनांमुळे शरीराविषयीचे असमाधान कमी होत नाही, असे बहुतांश प्रयोगांत आढळले आहे. प्रतिमा खोटी आहे हे बुद्धीला पटते, परंतु तुलना थांबत नाही.

याउलट एरिक स्टाइस व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या कार्यक्रमाचे परिणाम अधिक आशादायक आहेत. त्यात सहभागी तरुणी कृशतेच्या आदर्शाविरुद्ध स्वतः बोलतात, लिहितात, भूमिका वठवितात. फेस्टिंजर यांच्याच १९५७ मधील बोधनिक विसंवादाच्या सिद्धान्तावर तो आधारलेला आहे. व्यक्ती स्वेच्छेने एखाद्या आदर्शाविरुद्ध कृती करते, तेव्हा त्या आदर्शावरील तिची निष्ठा सैल होते. चित्रप्रकल्प हीदेखील अशीच कृती आहे. म्हणून त्याचा संभाव्य लाभ प्रथम चित्र काढणाऱ्यास होतो, पाहणाऱ्यास नंतर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र सर्वच प्रकल्प या कसोटीस उतरत नाहीत. कृश मॉडेल आणि रडणारी मुलगी शेजारीशेजारी काढणारे भित्तिचित्र त्याच आदर्शाची पुनरावृत्ती करते. सॅव्हिल यांनी आदर्श देह चित्रात आणलाच नाही. त्याचे शब्द, रेषा आणि नजर तेवढी आणली. मार्गदर्शन करताना यापासून पुढील बोध घेता येईल :

अ) आदर्शाचे चित्रण न करता त्याची कार्यपद्धती, म्हणजे छायाचित्रातील दुरुस्ती, मापे आणि विशेषणे, चित्रविषय करावी.
आ) स्वतःचे शरीर विषय म्हणून घेण्याची सक्ती कोणावरही करू नये. सॅव्हिल यांची निवड त्यांची स्वतःची होती.
इ) वजन किंवा आहाराचे वैयक्तिक तपशील सादरीकरणात मागू नयेत आणि अनुभवाच्या तीव्रतेवर गुण देऊ नयेत.
ई) विद्यार्थी उपाशी राहत असल्याची चिन्हे दिसल्यास प्रकल्प बाजूस ठेवून समुपदेशकाची मदत घ्यावी. चित्र हे उपचाराला पर्याय नव्हे.

समारोप

आपल्याकडे देहाच्या आकाराबरोबर वर्णाचा प्रश्नही तितकाच तीव्र आहे. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० मध्ये आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द वगळला. परंतु विवाहविषयक जाहिरातींतील 'गोरी' आणि 'सडपातळ' ही विशेषणे शब्द बदलल्याने पुसली जात नाहीत. *ब्रँडेड*मधील कोरलेल्या शब्दांचे हे मराठी प्रतिरूपच म्हणावे लागेल. ही विशेषणे वाचून कानाआड करण्याऐवजी आपल्या विद्यार्थ्यांनी ती चित्राचा विषय म्हणून तपासली, तर कलाशिक्षण आणि मानसिक आरोग्य या दोन क्षेत्रांमधील अंतर काही अंशी कमी होईल.