अंदमान स्वस्तात फिरायचं, तर आधी हे समज सोडा

सांगलीचं आणि अंदमानचं नातं जुनं आहे. १९०९ साली जन्मठेप होऊन सेल्युलर जेलमध्ये गेलेले बाबाराव सावरकर अखेरच्या काळात सांगलीत राहिले आणि १९४५ साली इथंच वारले. आजही सातारा-सांगलीतून ते जेल डोळ्यांनी बघायचं म्हणून माणसं अंदमानला जातात. पण बेत आखताना ऐकीव माहितीवर फार भिस्त ठेवली जाते आणि पैसे वाया जातात ते तिथंच.

‘विमान परवडत नाही, चेन्नईहून जहाजानं जाऊ’ हा त्यातला सगळ्यांत पक्का समज. जहाज आहे, पण ते चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून सुटतं, मुंबई-रत्नागिरीहून नाही. चेन्नईपासून श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर, सुमारे १,३५० किलोमीटर. जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात. महिन्यात मोजक्याच फेऱ्या, त्यांच्या तारखाही मागेपुढे होतात. बंकचं तिकीट स्वस्त असतं हे खरं, पण जाऊन-येऊन पाच-सहा दिवस समुद्रावरच जातात, शिवाय तारीख सरकली की चेन्नईत लॉजचं भाडं अंगावर. रजा भरपूर असेल आणि समुद्राची हौस असेल तर जहाजानं जरूर जावं. नुसत्या बचतीसाठी मात्र तो सौदा बहुतेकांना परवडत नाही. विमान हेच अंतर चेन्नईहून सव्वादोन तासांच्या आसपास कापतं. खरी बचत आहे ती विमानतळापर्यंतच्या प्रवासात आणि तिकीट आधी काढण्यात. सांगली-मिरजकरांनी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीतून बेंगळुरू गाठावं. तिथला विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून बराच लांब आहे; रेल्वे आणि विमान यांत चांगला अवधी ठेवावा. सातारकरांना पुणे जवळ.

पासपोर्ट लागतो, असं अजूनही कोणीतरी सांगतं. भारतीयांना लागत नाही, फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. निकोबारचं मात्र वेगळं आहे. तिथं परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे ‘अंदमान-निकोबार टूर’ असं लिहिलेलं असलं तरी सहल अंदमानचीच असते.

आता बेटाबेटांतल्या बोटी. साताऱ्याजवळच्या बामणोलीला जाऊन जागेवर लाँच ठरवायची आपल्याला सवय. हॅवलॉक बेटाच्या बोटीला ती चालत नाही. (हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नील बेटाचं शहीद द्वीप, पण बोलण्यात जुनीच नावं आहेत.) हिवाळ्यात, त्यातही दिवाळी-नाताळच्या सुट्टीत, जेटीवर गेल्यावर तिकीट मिळेलच असं नाही. बोटी दोन प्रकारच्या. सरकारी बोट फिनिक्स बे जेटीवरून सुटते, हॅवलॉकला दोन-अडीच तास घेते आणि बरीच स्वस्त पडते. बेटावरच्या रहिवाशांना त्यात सवलतीचा दर असतो. तो ऐकून हिशेब मांडू नका, पर्यटकाचा दर वेगळा. खासगी बोट दीड तासात पोचवते. ‘महाग आहे म्हणजे समुद्र चांगला दिसेल’ असं वाटतं, पण त्या बहुतेक बंदिस्त आणि वातानुकूलित असतात. काचेतून दिसेल तेवढंच. मोकळ्या वाऱ्याचा आनंद हवा असेल तर सरकारी बोटच बरी. ज्यांना बोट लागते त्यांनी कमी वेळाची निवडावी आणि निघण्याआधी पोटभर खाऊ नये.

सगळ्यांत जास्त पैसे वाचतात ते मात्र क्रमानं. श्रीविजयपुरम, हॅवलॉक, नील आणि परत श्रीविजयपुरम असा फेरा धरला की तीन बोटी लागतात. दर वेळी मुख्य बेटावर परत आलात तर चार, आणि मुक्कामाची ओढाताण वेगळी. नीलला उतरल्यावर तर गाडीचीही गरज नाही. भरतपूरचा किनारा जेटीला लागूनच आहे, लक्ष्मणपूर दोनेक किलोमीटर. भाड्याची सायकल घेतली की बेट हिंडून होतं. हॅवलॉकचा राधानगर किनारा जेटीपासून बारा किलोमीटर आहे. तिथं स्वतंत्र गाडी करण्याआधी बसची चौकशी करा.

एक खर्च मात्र वाचवू नका. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुख्य बेटावरच राहा. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, पावसाळ्यात तर वारंवार, आणि हुकलेलं विमान सगळी बचत खाऊन टाकतं. अंदमान इतकं पूर्वेला असून घड्याळ आपलंच असल्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचलाच अंधारतं. ‘रात्रीची शेवटची बोट धरू’ हा हिशेब तिथं बसत नाही.

हेलिकॉप्टरही आहे म्हणून काही जण त्याच्या भरवशावर राहतात. त्यात आधी रुग्ण आणि बेटांवरचे रहिवासी, उरल्या तर पर्यटकांना जागा, आणि सामानही मोजकंच नेता येतं. उत्तरेला रंगत, दिगलीपूरकडे जायचं असेल तर सरकारी बस धरा. वाटेत जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं. तिथून वाहनं ठरलेल्या वेळी, पहाऱ्यातल्या ताफ्यानंच सुटतात. थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे.