रिकाम्या बरणीत काय असतं? मेणबत्तीचे जार आणि अभावाचा विचार



गेल्या वेळी आपण 'अभाव' या पदार्थापाशी येऊन थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, 'जमिनीवर घट नाही' हे उदाहरण शेकडो वर्षं चालत आलं आहे, पण आमच्या घरात आता घटच नाही. एखादं आजच्या घरातलं उदाहरण द्याल का? प्रश्न रास्त आहे. योगायोग असा की उदाहरण मधल्या काळात आमच्याच माळ्यावरून खाली उतरलं. समोर टेबलावर जो काचेचा जार दिसतो आहे, तो सुगंधी मेणबत्तीचा. मेणबत्ती संपली, जार उरला.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमची इमारत पुनर्विकासाला गेली. बत्तीस वर्षांचं घर महिनाभरात रिकामं करून भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं होतं. माळा उपसला तेव्हा असे तेवीस जार निघाले. मुलगी दर दिवाळीला सुगंधी मेणबत्त्या आणते. मेणबत्ती संपली की जार वर जायचा, आणि वर ठेवताना आम्ही प्रत्येक वेळी म्हणायचो, 'राहू दे, कधीतरी लागेल.' आता ते टाकवेनात. आमच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, घ्या की बरोबर. पण प्रत्येकात काय ठेवणार ते आधी सांगा, आणि मगच खोक्यात भरा."

आम्ही आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलं आणि या साध्या वाक्यापुढे निरुत्तर झालो. का झालो, तेच आज समजून घ्यायचं आहे.

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह पुष्कळांनी महाविद्यालयात वाचला असेल. त्यात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. वस्तू निर्माण होण्याआधी जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला सुरुवात नसते, पण शेवट असतो, कारण वस्तू झाली की तो संपतो. वस्तू नष्ट झाल्यावर जो अभाव येतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. अत्यंताभाव म्हणजे तिन्ही काळी नसणं, जसा वाऱ्याला रंग नसतो. चौथा अन्योन्याभाव, म्हणजे घट हा पट नव्हे, असा भेद. तो आज बाजूला ठेवू.

आता हा जार बघा. आपण याला रिकामा म्हणतो. कशानं रिकामा? मेणबत्ती आणि जार यांचा जो संयोग होता, तो नष्ट झाला. तीच मेणबत्ती पुन्हा येणार नाही. हा प्रध्वंसाभाव, याबद्दल वाद नाही. पण 'कधीतरी लागेल' असं म्हणताना आपण दुसराच दावा करत असतो. यात पुढं काहीतरी येणार आहे आणि आत्ता फक्त त्याची वाट आहे, म्हणजे इथे एक प्रागभाव आहे, असं आपण मानतो. आणि इथेच गफलत होते. प्रागभाव संपतो, हे त्याचं लक्षणच आहे. जी गोष्ट कधीच घडणार नाही तिचा प्रागभाव नसतो. बारा वर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या जारात आम्ही ज्याला प्रागभाव समजत होतो, तो बहुधा अत्यंताभाव होता.

पत्नींचा प्रश्न नेमका हाच होता. काय येणार ते सांगा, म्हणजे कोणत्या प्रकारचा अभाव आहे ते कळेल. म्हणून जार धुण्याआधी त्यात काय ठेवायचं ते ठरवावं, हे आमचं आजचं पहिलं आणि शेवटचं सूत्र समजा. मधलं सगळं तपशिलाचं.

तपशिलात आधी धुण्याचं पाहू, कारण चुका इथेच होतात. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की जाळणं थांबवावं. त्याखाली ज्योत गेली तर काच भलतीच तापते. उरलेलं मेण काढायला जार दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीनं मेण आकसतं, काचेपासून सुटतं आणि बोथट सुरीनं टोकरलं की वडीसारखं बाहेर येतं. फ्रीजरमधून काढलेल्या जारावर लगेच गरम पाणी मात्र ओतू नका. तो आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग कोमट पाणी, भांडी घासायचा साबण. तळाला वातीची पत्र्याची चकती चिकटलेली असते, ती तेव्हा निघते. लेबलचा चिकटपणा राहिला तर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा कालवून लावावा आणि अर्ध्या तासानं चोळावं.

मेण मोरीत किंवा सिंकमध्ये कधीही सोडू नका. गरम असताना ते वाहून जातं आणि पुढं पाइपात थिजून बसतं. ती वडी जपून ठेवा. पावसाळ्यात लाकडी कपाटाचे खण फुगून अडकतात, त्यांच्या कडांना ती घासली की खण सरकतात. बॅगेची अडलेली चेनही तशीच सुटते.

आता काचेचा स्वभाव. अशा जारांची काच बहुधा साधी, म्हणजे सोडा-लाइम काच असते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच उष्णतेनं जेवढी प्रसरण पावते, त्याच्या जवळपास तिप्पट ही पावते. आतून एकदम तापली तर आतला थर ताणायला बघतो, बाहेरचा थंड थर जागचा हलत नाही, आणि काच तडकते. मेणबत्ती जळताना जार हळूहळू तापतो म्हणून टिकतो. आम्ही ही गोष्ट वर्गात कार्यकारणभावाचं उदाहरण म्हणून सांगत असू, आणि तरी एकदा नुकतं कढवलेलं तूप अशाच जारात ओतलं. तूप ओट्यावर, काच तुपात. त्या दिवशी आम्हाला जे ऐकावं लागलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्या प्रसंगानं आणखी एक शिकवलं. जार तडकला नसता तरी तूप त्यात ठेवणं बरोबर नव्हतं. तो खाद्यपदार्थांसाठी बनवलेला नसतो. झाकणाच्या रबराला सुगंधी तेलाचा वास धरून राहतो, काहींना आतून रंग दिलेला असतो. तेव्हा लोणचं, मसाला, सुपारी यांना आपल्या नेहमीच्या बरण्याच बऱ्या.

मग ठेवायचं काय? आमच्या नव्या घरात जे टिकलं, तेवढंच सांगतो.

देवघरात दोन जार आहेत, एकात फुलवाती आणि एकात कापूर. कापूर उघडा राहिला की उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाचा जार त्याला योग्य. इथे उरलेला सुगंधही आड येत नाही. तिसऱ्यात बटणं, सेफ्टी पिना आणि सुईदोरा. पूर्वी हे बिस्किटाच्या डब्यात असे आणि प्रत्येक वेळी डबा उपडा करावा लागे. काचेतून दिसतं, हा काचेचा गुण. चौथ्यात रिक्षासाठी आणि भाजीसाठी सुट्टे पैसे. पाचवा आणि सहावा आमच्या कानाच्या यंत्राच्या सेलसाठी, एक नव्यांना आणि एक वापरलेल्यांना, दोन्हींवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. आधी दोन्ही एकाच वाटीत असत, आणि आम्ही संपलेला सेल बसवून 'तुम्ही सगळे हळू बोलता' अशी तक्रार करत असू. हे सेल लहान मुलांनी गिळले तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे झाकण घट्ट आणि जागा उंचावर.

सातव्यात मनीप्लांटची फांदी पाण्यात, आठव्यात बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या काड्या. पुदिन्याला आठ-पंधरा दिवसांत मुळं फुटतात, मग तो कुंडीत लावावा. जारात थेट माती भरून रोप लावण्याचा मोह टाळा. तळाला भोक नसल्यामुळे पाणी साचतं आणि मुळं कुजतात. पाण्यात वाढवायचं असेल तर आठवड्यातून एकदा पाणी बदला आणि जार आतून घासून काढा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत. आठवड्याचा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात, त्याचं कारण हेच.

नववा जार गॅलरीत. तळाशी बोटभर कोरडी वाळू पसरून तिच्यावर छोटी पणती ठेवतो. वाऱ्यानं ज्योत विझत नाही आणि वाळूमुळे तळ तापत नाही. ज्योत काचेपासून लांब, मधोमध राहिली पाहिजे, आणि जाराला बारीकसाही तडा नको.

नऊ झाले. तेविसातले चौदा उरले. आम्ही पुष्कळ ओढाताण केली, एकात पेनं, एकात पुन्हा पेनं. पत्नी नुसत्या बघत राहिल्या. घरात पेनं होती पाच.

ते चौदा आम्ही धुऊन, वेगळ्या पिशवीत घालून सुका कचरा नेणाऱ्या ताईंना दिले. त्यातला एक काठाला तडकलेला होता. तो जाड कागदात गुंडाळला, वर 'काच' असं लिहिलं आणि तोंडीही सांगितलं, कारण पिशवीत हात घालणारा हात कुणाचा तरी असतो. काच वितळवून पुन्हा काच होते, तिचा दर्जा त्यानं उतरत नाही. पण वितळवायला सुमारे पंधराशे अंश सेल्सिअस तापमान लागतं. म्हणून जो जार घरात खरोखर वापरला जाईल तो वापरणं केव्हाही चांगलं. जो वापरला जाणार नाही तो माळ्यावर अडवून ठेवण्यात मात्र कुणाचंच भलं नाही, काचेचं नाही आणि आपलंही नाही.

एक श्रोते हात वर करून विचारत आहेत, की मग मुलीला मेणबत्त्या आणू नकोस असं सांगितलं का? सांगितलं. या दिवाळीला तिनं एकच आणली. ती संपायच्या आधीच जार कशासाठी ते ठरलं आहे. आमच्या चष्म्यांचे सुटे स्क्रू आणि तो छोटा पेचकस सध्या पाकिटात हिंडतो आहे. ते त्यात जातील. या संयोगाचा प्रागभाव आत्ता, या क्षणी, आमच्या घरी आहे, आणि तो संपणार आहे. नैयायिकाला आणखी काय हवं?

घरी गेल्यावर एक रिकामी बरणी हातात घ्या आणि तिच्यात काय येणार आहे ते मोठ्यानं म्हणून बघा. उत्तर आलं नाही तर तिला जाऊ द्या. पुढच्या वेळी आज बाजूला ठेवलेला अन्योन्याभाव घेऊ.