त्वचेवर लावण्याची दाहशामक औषधे

त्वचेवर लावण्याची दाहशामक औषधे ही सांधे व स्नायूंच्या वेदनेवर दुखऱ्या जागी बाहेरून लावावयाची औषधे आहेत. ती जेल, मलम, फवारा किंवा पट्टीच्या स्वरूपात मिळतात व त्यांत स्टेरॉइड नसते. डायक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन, आयब्युप्रोफेन व पायरॉक्सिकॅम ही या गटातील प्रमुख औषधे होत. गुडघ्याच्या व हाताच्या अस्थिसंधिवातात (सांध्याच्या झिजेत) त्यांचा विशेष उपयोग होतो.

कार्यपद्धती

इजा किंवा झीज झालेल्या ऊतींमध्ये सायक्लोऑक्सिजिनेज हे विकर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. त्यांमुळे सूज येते व वेदना वाढते. दाहशामक औषधे या विकराला अटकाव करतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. १९८२ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. जेलमधील औषध त्वचेतून खालच्या ऊतींत झिरपते. डायक्लोफेनॅकच्या बाबतीत रक्तात पोहोचणारे प्रमाण गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्के असते. खुब्यासारख्या खोल सांध्यापर्यंत मात्र ते पुरेसे पोहोचत नाही.

मेंथॉल किंवा मिथाइल सॅलिसिलेट असलेले बाम प्रामुख्याने त्वचेवर गारवा वा उष्णता निर्माण करून वेदनेची जाणीव कमी करतात. भारतात मिळणाऱ्या अनेक जेलमध्ये डायक्लोफेनॅकबरोबर ही द्रव्येही असतात.

परिणामकारकता

कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यानुसार, अस्थिसंधिवातात ६ ते १२ आठवडे डायक्लोफेनॅक लावणाऱ्या १० पैकी सुमारे ६ रुग्णांची वेदना लक्षणीय कमी झाली. औषधविरहित जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण १० पैकी ५ होते. म्हणजे लाभ खरा असला तरी मर्यादित आहे. झिजलेली कूर्चा या औषधांनी भरून येत नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम व वजनावर नियंत्रण हे उपचाराचे मुख्य भाग राहतात.

ग्रामीण महाराष्ट्रातील संदर्भ

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली १९९६ मध्ये सांध्यांच्या आजारांचे सर्वेक्षण सुरू झाले. त्यात ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के व्यक्तींनी सांधे वा स्नायूंची दुखणी सांगितली. अस्थिसंधिवाताचे प्रमाण ५.८ टक्के, तर संधिवाताभ आमवाताचे सुमारे अर्धा टक्का आढळले.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा मुख्यतः शेतीप्रधान आहे. सोयाबीन, तूर व कपाशी ही तेथील प्रमुख पिके. उकिडवे बसून निंदणी करणे व वाकून सोंगणी करणे यांचा भार गुडघ्यांवर व कमरेवर पडतो. भर उन्हात घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झालेले असताना वेदनाशामक गोळ्या घेतल्यास मूत्रपिंडास इजा होण्याचा धोका वाढतो. वयस्कर, रक्तदाबाच्या वा जठरव्रणाच्या रुग्णांसाठीही गोळीपेक्षा जेल अधिक सुरक्षित ठरते.

वापर व दक्षता

गुडघ्यासाठी १ टक्का डायक्लोफेनॅक जेलची प्रौढांतील रूढ मात्रा एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा अशी आहे. बोटाच्या टोकाएवढे जेल त्या मानाने फार कमी पडते. जखमेवर, पुरळावर किंवा डोळ्यांजवळ ते लावू नये. लावल्यावर हात धुवावेत, मात्र हातावरच उपचार असल्यास लगेच धुऊ नयेत. कीटोप्रोफेन लावलेली त्वचा उन्हात भाजल्यासारखी होऊ शकते. विदर्भातील उन्हाळ्यात ती झाकून ठेवणे आवश्यक असते.

जेल लावत असताना त्याच गटातील गोळी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांनी ही औषधे टाळावीत व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच वापरावीत. सांधा लाल व गरम होऊन ताप आल्यास, किंवा सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक काळ टिकत असल्यास जेलवर विसंबून न राहता तपासणी करून घ्यावी. संधिवाताभ आमवातात उपचारास उशीर झाल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

पर्यावरण

डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक जनावरांना देणे त्यामुळे निषिद्ध आहे.