डायरेक्ट वायरीचा मोह

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फूट गाठले. अशा पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा सुरूही होते. पण जोडण्यांमधल्या तांब्यावर मोरचुदी थर चढत राहतो. पुढे कधीतरी चढावर गाडी दम टाकते आणि टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंपच बदलला जातो, नाहीतर बॅटरीपासून पंपाला डायरेक्ट वायर ओढली जाते. हा दुसरा उपाय फार घातक आहे, कारण पंपाच्या सर्किटचे काम पंप चालवणे एवढेच नसून तो वेळेवर थांबवणे हेही आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंप टाकीतच बुडालेला असतो. चावी फिरवली की कंट्रोलर रिलेला किंचित प्रवाह देतो, रिलेचे संपर्क जुळतात आणि बॅटरीचा मोठा प्रवाह फ्यूजमधून पंपाकडे जातो. साधारण दोन सेकंदांत इंजिन फिरल्याची खूण सेन्सरकडून आली नाही, तर कंट्रोलर रिले सोडतो. मागच्या सीटखाली क्षणभर घूं होऊन विरते, ते याचमुळे. अपघातात इंजिन बंद पडले तर चावी चालू असली तरी पंप थांबतो आणि फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतले जात नाही. डायरेक्ट वायर नेमकी हीच सोय काढून घेते. बहुतेकदा तिच्यात फ्यूजही नसतो.

वायर जोडताच गाडी पळते, मग चुकले काय, असे कोणी म्हणेल. पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की पंप ठीक आहे आणि खोट वाटेत आहे. पंप 6 अँपिअर घेतो आणि वाटेतल्या गंजलेल्या जोडणीमध्ये अर्धा ओहम अडथळा आहे असे धरा: 3 व्होल्ट तिथेच खर्च होतात, पंपाला 12 ऐवजी 9 उरतात. सपाटीवर तेवढ्यात भागते, घाटात दाब पुरत नाही. पंपाचा प्लग काढून मीटर लावला तर मात्र 12 व्होल्ट दिसतात, कारण प्रवाहच नसला की अडथळ्यात काही खर्च होत नाही; म्हणून मोजायचे ते पंप चालू ठेवून. नवा पंप बसवल्यावर गाडी सुधारली, हाही पक्का पुरावा नव्हे. प्लग काढताना-घालताना घासून साफ झालेली जोडणीही तेवढे करून दाखवते. पंप जळतातच, नाही असे नाही. टाकीतले पेट्रोल त्यांना थंड ठेवते, त्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी हाकणाऱ्यांचे लवकर जळतात. आणि रात्री भर पावसात खंबाटकी घाटात अडकलेल्याने काय करावे? फ्यूज घालून, गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती वायर जोडली तर तक्रार नाही. पण त्याआधी हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी लावून पाहावा. अनेक गाड्यांत दोन्ही एकाच जातीचे असतात. हॉर्नविना घाट उतरणे आपल्याकडे अवघड वाटेल खरे, पण खोट रिलेत असेल तर ती पैसा न खर्चता तिथेच कळते.