अध्यापक, गृहस्थ आणि प्रणयकादंबरी : ति. जानकीरामन यांच्या निमित्ताने

अध्यापन करणारा संसारी मनुष्य प्रणयकादंबरीकार कसा होतो, हा प्रश्न वरवर पाहता वेळेचा वाटतो. दिवस शाळेचा, संध्याकाळ घराची. मग लेखनाला उरते काय, असे आपण विचारतो. परंतु या प्रश्नाचे मर्म वेळेत नाही. ज्याच्या हाती पालक विश्वासाने आपली मुले सोपवितात, ज्याच्याकडे घर आणि गाव मर्यादेचा रक्षक म्हणून पाहतात, त्याने वासनेविषयी लिहावयाचे ते कोणत्या आधारावर, हा खरा प्रश्न होय.

मराठीत या प्रश्नाची निदान तीन उत्तरे दिली गेली आहेत. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी प्रणयकथेला तंत्राचे अधिष्ठान दिले. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) हा त्या तंत्राचा शास्त्रग्रंथच होय. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते. त्यांच्या कादंबरीत प्रीती ध्येयाचा हात धरून चालते. तिसरे उत्तर बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांचे. स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात काम करीत असता त्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) आणि ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) ही पुस्तके ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली, आणि त्या नावामागे कोण आहे याचा शोध घेण्यात महाराष्ट्राने बराच संताप खर्च केला. तंत्र, ध्येय आणि टोपणनाव ही तिन्ही एका अर्थी संरक्षक वस्त्रेच. पुरुष अध्यापकांना स्वतःच्या नावाने लिहिता आले. अध्यापिकेला मात्र नावच झाकावे लागले, हा भेद विसरून चालणार नाही.

चौथे उत्तर मराठीबाहेरचे आहे. पण ते मराठीला अगदीच परके नाही. ते सापडते तंजावरच्या भूमीत. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली आणि १८५५ मध्ये शेवटच्या राजाच्या निधनानंतर ती संपली. राज्य गेले, सरस्वती महाल ग्रंथालय राहिले, आणि तमिळ वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी घरेही राहिली. याच कावेरीकाठच्या तंजावर जिल्ह्यात देवंगुडी येथे १९२१ मध्ये ति. जानकीरामन यांचा जन्म झाला. वडील संस्कृतज्ञ आणि पुराणप्रवचनकार. शिक्षण कुंभकोणम येथे झाल्यावर त्यांनी सुमारे दहा वर्षे शाळांतून शिकविले, आणि १९५४ मध्ये ते आकाशवाणीच्या शैक्षणिक कार्यक्रमांच्या विभागात गेले. म्हणजे नोकरी बदलली तरी व्यवसाय शिकविण्याचाच राहिला. कथालेखनाचा आरंभ शिक्षकीच्या काळातला. थोर कादंबऱ्या मात्र शाळा सोडल्यानंतरच्या आहेत. शाळेने त्यांना दिले ते उसंतीचे तास नव्हेत. तिने दिला तो विषय, आणि तो मुरावयास काही काळ जावा लागला.

हे विधान त्यांच्या ‘मोहमुळ’ या कादंबरीवरून स्पष्ट होईल. शीर्षकाचा अर्थ ‘मोहाचा काटा’. ती प्रथम ‘स्वदेशमित्रन्’मध्ये क्रमशः आली आणि १९६४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. कुंभकोणमला शिकणारा बाबू हा तरुण आपल्याहून सुमारे दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या यमुनेवर प्रेम करतो. कथेचा हा एक धागा. दुसरा धागा रंगण्णा या वृद्ध गायनगुरूचा, ज्याच्या लेखी संगीत मैफलीतील टाळ्यांसाठी नसून नादाच्या उपासनेसाठी आहे. नेहमीच्या प्रणयकथेत विद्या आणि वासना या परस्परांच्या वैरिणी असतात, आणि लेखक शेवटी एकीला विजयी करून मोकळा होतो. जानकीरामन असा निवाडा देत नाहीत. बाबूचा मोह आणि बाबूची स्वरसाधना ही एकाच उत्कटतेची दोन रूपे आहेत, हे ते हळूहळू उलगडून दाखवितात. यमुना अखेरीस बाबूचा स्वीकार करते, तेव्हा वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येचे हेच का ते फळ, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. कथा तेथे न थांबता पुन्हा संगीताकडे वळते. वासनेला पाप ठरविले नाही आणि मोक्षही ठरविले नाही, यातच या कादंबरीची प्रौढता आहे.

मराठी वाचकाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. यमुनेची आई पार्वती ही तंजावरची मराठी स्त्री आहे, आणि वडील श्रीमंत तमिळ ब्राह्मण जमीनदार. पार्वती त्यांची दुसरी. वडील जाताच मोठ्या घराचा आधार तुटतो, दारिद्र्य येते, आणि मिश्र जन्मामुळे यमुनेचे लग्न जुळत नाही. दोन्ही समाजांच्या उंबरठ्यावर उभी असलेली ही कन्या कोणाच्याच मर्यादेची पूर्ण मालकीची नाही. म्हणूनच तिचा निर्णय तिचा स्वतःचा असू शकतो. तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास आपण राजे, मोडी दफ्तरे आणि नाटके यांत शोधतो. तमिळ कादंबरीतील एका अविस्मरणीय नायिकेच्या घरात तो भाकरीच्या विवंचनेसह जिवंत आहे, याची दखल आपण घ्यावयास नको काय?

‘अम्मा वंदाळ’ (१९६६) या कादंबरीत हा लेखक आणखी पुढे जातो. शीर्षकाचा अर्थ ‘आई आली’. वेदपाठशाळेत वाढलेला अप्पू घरी परततो आणि आपल्या आईचा विवाहबाह्य संबंध त्याला कळतो. मुलाच्या वेदविद्येने आपण शुद्ध होऊ, ही त्या आईची आशा. पाठशाळेत अप्पूवर जीव लावणारी तरुण विधवा इंदू आहे. पुस्तकावर वादळ उठले, यात नवल नाही. प्रवचनकाराच्या मुलाने, शिक्षकाने, संसारी गृहस्थाने नेमकी पाठशाळा आणि आई याच दोन पवित्र स्थळांना हात घातला होता, आणि तोही स्वतःच्या नावाने. परंतु त्या आईविषयी लेखकाच्या लेखणीत कुठेही तिरस्कार नाही.

यावरून निष्कर्ष काढावयाचा तो असा. शिकविणे, संसार आणि प्रणयलेखन यांचा तोल सांभाळावा लागतो, ही कल्पना अपुरी आहे; तोल म्हटला की तिन्ही वस्तू वेगळ्या राहतात. जानकीरामन यांनी पहिल्या दोहोंची परीक्षा तिसरीकडून करविली. गुरू शिष्याला खरोखर काय देऊ शकतो, घर कोणत्या मौनावर उभे असते, हे त्यांनी प्रणयाच्या प्रकाशात पाहिले. आपल्या समीक्षेत ‘अध्यापकी’ हे विशेषण बहुधा उणेपणाचे म्हणून वापरले जाते. ज्या लेखकाने वर्गातील सुरक्षित उत्तर कादंबरीत आणले, त्याला ते खुशाल लावावे. ज्याने वर्गात विचारता न येणारा प्रश्न कादंबरीत विचारला, त्याच्याबाबतीत ते गौरवाचे ठरेल.